पाण्यातली सुगी

अप्पांचं वय ७२, आणि समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. रायापूरच्या आमच्या घरापासून कारवार साधारण १६० किलोमीटर. सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्रावर पोचतो. पण शेतकऱ्याच्या घरात बैल असतात, म्हैस असते, पेरणी-भांगलण-काढणी असते, आणि हे सगळं टाकून नुसतं पाणी बघायला कोण जाणार? अप्पांनी पंढरीची वारी केली, सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनाला ते वर्षानुवर्षं गेले, कापसाच्या गाड्या घेऊन हुबळीच्या बाजाराला तर शेकडो वेळा. पश्चिमेला मात्र कलघटगीच्या पुढे त्यांचं पाऊल पडलं नाही. आता जमीन उरली नाही. रायापुरात कारखाने आले, दूध डेअरी आली, इस्कॉनचं मंदिर झालं, दारातून चिगरी बस धावते. गोठा रिकामा होऊनही वीस वर्षं झाली. नोव्हेंबरात मला सुट्टी मिळाली तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, आता काय अडलंय? चला."

यल्लापूर सोडलं की अरबैल घाट लागतो आणि सपाट मुलखात जन्म काढलेल्या माणसाचा श्वास अडकतो. आमच्याकडे नजर टाकावी तिथे आभाळ जमिनीला टेकलेलं दिसतं. इथे आभाळच दिसत नव्हतं. झाडांवर झाडं, त्यांवर वेली, आणि वळणावळणाला गार ओलसर हवा. अप्पा काच खाली करून गप्प बसले होते. घाट उतरल्यावर रस्त्याच्या सोबतीला एक नदी चालू लागली.

"ही कुठली रे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"गंगावळी."

मग मी सांगितलं, की अप्पा, ही आपलीच. धारवाडच्या सोमेश्वराच्या देवळापाशी उगवणारी शाल्मला हिलाच मिळते, हुबळीच्या बाजूचं पाणीही हिच्यातच येतं. कलघटगीच्या अंगाला हिला बेडती म्हणतात, इथे आली की गंगावळी. धारवाडचा माळ हा पाण्याची वाटणी करणारा कणा आहे. त्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेला मिळतो आणि पार बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या अंगाचा या वाटेने अरबी समुद्राला. अप्पांनी गाडी थांबवायला लावली. काठावर उतरले, पाण्यात हात घातला, तोच ओला हात डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "म्हणजे लेक सासरी कशी नांदतेय ते बघायला आलो म्हणायचं."

त्या रात्री कारवारात, किनाऱ्याजवळच्या एका घरगुती खोलीत, ते दोनदा उठून बसले. लाटांचा आवाज त्यांना पोटरीला आलेल्या जोंधळ्यातून वारं जावं तसा वाटत होता. "फरक एवढाच," ते अंधारात म्हणाले, "वारं मधे थांबतं. हे थांबतच नाही."

पहाटे सहाला आम्ही वाळूवर होतो. कारवारचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य पाठीमागच्या डोंगरांतून येतो आणि उजेड आधी लांबच्या पाण्यावर पडतो. पायाशी अंधार आणि क्षितिजाला सोनं, असा तो उलटा उजेड. समोर बेटं. अप्पा पाण्यापासून वीस पावलांवर उभे राहिले, पुढे जाईनात. मी हात धरला तर सोडवून घेतला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "याला बांध नाही." शेतकऱ्याला सगळ्यांत आधी हेच दिसणार. आयुष्यभर त्यांनी बांधासाठी भांडणं पाहिली, बांधावरून तुटलेले भाऊ पाहिले. आणि इथे एवढं मोठं रान, एकही बांध नसलेलं.

कोडीबागेच्या बाजूला, जिथे काळी नदी समुद्राला मिळते, तिकडे माणसांची हालचाल दिसली म्हणून आम्ही चालत गेलो. एक लांब होडी पाण्यात ढकलली जात होती. तिच्यात जाळ्याचा ढीग, आणि जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात. होडी सरळ आत गेली, मग वळली, आणि मोठा अर्धगोल घेत जाळं सोडत सोडत दोन-अडीचशे पावलांवर पुन्हा किनाऱ्याला लागली. दुसरं टोक तिथल्या माणसांनी धरलं. ही रापण. इकडे रामपण म्हणतात. मालवणपासून या किनाऱ्यापर्यंत गाबीत, खारवी, हरिकंत्र या दर्यावर्दी जातींनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली मासेमारी. समुद्रात जाऊन मासे शोधायचे नाहीत, किनाऱ्याजवळ आलेल्या थव्याला जाळ्याने कवेत घ्यायचं आणि जमिनीवर उभं राहून ओढायचं.

ओढायला किती माणसं! पूर्वी मोठ्या रामपणीला ८०-१०० माणसं लागत. आमच्या समोरची लहान होती, तरी दोन्ही टोकांना मिळून चाळीसेक असतील. म्हातारे, शाळेत जायच्या आधी आलेली पोरं, कमरेला पदर खोचलेल्या बायका. टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे टाकायचं, दोन पावलं मागे, पुन्हा पुढे येऊन दोर धरायचा. सगळ्यांची लय एक. दोन्ही तुकड्या ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकत येत होत्या, म्हणजे पाण्यातला अर्धगोल आवळत चालला होता.

एक वयस्कर गृहस्थ दोर न ओढता पाण्याकडे डोळे लावून उभे होते. हे तांडेल, म्हणजे रामपणीचे म्होरके. अप्पांना पाहून त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, "कुठून आलात?" मला आश्चर्य वाटलं, पण वाटायला नको होतं. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला, तेव्हापासून १९५६ पर्यंत कारवार मुंबईच्या कारभारात होतं. घरात कोंकणी, शाळेत तेव्हा मराठी, कचेरीत आता कन्नड. या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या जिभेवर तिन्ही भाषा शेजारणींसारख्या राहतात. आमच्या धारवाडातही तसंच आहे, फक्त कोंकणीच्या जागी घरात मराठी.

"धारवाडकडून," अप्पा म्हणाले. "थवा आलाय हे कसं कळतं तुम्हाला?"

"पाण्याचा रंग बदलतो. वर कुरकुरी उठते, पाऊस पडल्यासारखी. पाखरं खाली येतात. तुम्हाला पाऊस कधी येणार ते कसं कळतं?"

अप्पा हसले. मग खाली वाकून त्यांनी जाळ्याचा एक पदर हातात घेतला. नायलॉन. तांडेल म्हणाले, लहानपणी ही जाळी तागाची असत. घरोघरी सूत काढायचं, विणायचं, आणि प्रत्येक घराने आपापला तुकडा आणून जोडायचा, असे कित्येक तुकडे जोडून रामपण व्हायची. ताग म्हटल्याबरोबर अप्पांचे डोळे उजळले. ताग त्यांनी शेतात पेरला होता, कुजवून सोलला होता, मांडीवर वळून बैलांची दावी केली होती. ज्या वाखाने आम्ही जमिनीवरचा बैल बांधला, त्याच वाखाने या लोकांनी समुद्र बांधला. त्यानंतर अप्पांनी कुणाला विचारलं नाही. पंचा कमरेला आवळला आणि रांगेच्या शेवटी जाऊन दोर धरला. पुढच्या पोराने मागे वळून पाहिलं, जागा करून दिली, बस्स.

जाळं जवळ येऊ लागलं तशी पाण्याची उकळी दिसली. मग एकदम सगळे ओरडले आणि शेवटचा हात लागला. वाळूवर जे येऊन पडलं त्याला मी मासे म्हणू शकले नाही. ती हलणारी चांदी होती. बहुतेक बांगडे आणि तारली, मधूनमधून शेवटे, एखादं लेपं. मी एक बांगडा जवळून पाहिला. बाजारात बर्फात पाहिलेला राखाडी बांगडा हा नव्हेच. पाठ निळी-हिरवी, मोरपिसासारखी, तिच्यावर काळपट रेघा, पोटाला गुलाबी-सोनेरी झाक. मी बघत होते तोवर तो रंग विझत गेला. आधी सोनं गेलं, मग हिरवं. मिनिटभराचा खेळ. तारलीचे खवले सगळ्यांच्या हाताला, गालाला, केसांना चिकटले होते आणि उन्हात चमकत होते.

वळून पाहते तो अप्पा अनवाणी. चपला त्यांनी दहा-बारा पावलं मागे, वाळूवर नीट जोडून ठेवल्या होत्या.

"पाणी लागेल म्हणून काढल्या?"

"रास आहे ती, बाळा," ते म्हणाले.

आमच्याकडे खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्याजवळ चपला घालून जात नाहीत. अप्पांना इथे खळंच दिसत होतं. खरोखर तसंच होतं सगळं. मळणीनंतर राशीभोवती गाव जमावं तशी माणसं जमली होती आणि वाटणी सुरू झाली होती. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, मग ओढणाऱ्या हातांचे. एका बाजूला दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनी दोराला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांच्या टोपल्यांतही न मागता मासे पडले. सुतार, लोहार, कुंभार, परीट राशीपाशी येत आणि सूप भरून बलुतं नेत, ते अप्पांनी उभ्या आयुष्यात पाहिलं आणि ते बंद पडतानाही पाहिलं. ते एकटक बघत होते.

मग तांडेल ओंजळभर बांगडे-तारली घेऊन अप्पांसमोर आले. अप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात मासळीला शिवलेले नाहीत. मला वाटलं, आता नको म्हणतील. त्यांनी कमरेला आवळलेला पंचा सोडला, दोन्ही हातांवर पसरला आणि वाटा त्यात घेतला. घेताना किंचित वाकले.

तांडेलांनी माळ पाहिली आणि ते ओशाळले. "माझ्या ध्यानात आलं नाही हो."

"ओढलंय मी," अप्पा म्हणाले. "राशीचा वाटा नाकारत नाहीत."

दिवसाच्या बाकीच्या गोष्टी मी भराभर सांगते, कारण आमचं मन त्या वाळूवरच होतं. किनाऱ्यावर नौदलाची जुनी क्षेपणास्त्र-नौका 'चपळ' संग्रहालय म्हणून ठेवली आहे, तिच्यात चढून आलो. या किनाऱ्याला रवींद्रनाथ ठाकुरांचं नाव आहे. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, आयसीएसमध्ये शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ, इथे न्यायाधीश होते, आणि विशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले होते. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथे लिहिलं. काळी नदीतून चांदण्यात केलेली होडीची सफर त्यांनी पुढे आठवणींत नोंदवून ठेवली. नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यरात्री कोसळला. नव्या पुलावरून जाताना अप्पांनी हात जोडले. पलीकडे सदाशिवगड, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सोंद्याच्या राजाने बांधलेला. त्याच्या टेकडीला कापून महामार्ग गेला आहे. गडाजवळच्या कणसगिरीची लेक म्हणजे जयश्री गडकर, हे मी सांगितल्यावर अप्पा थांबून गावाकडे बघत राहिले. 'साधी माणसं' त्यांनी हुबळीत पाहिला होता.

माजाळीजवळच्या तीळमातीच्या किनाऱ्यावर मात्र त्यांचा पाय निघेना. टेकडी ओलांडून जावं लागतं. अलीकडे पांढरी वाळू, पलीकडे पांढरी वाळू आणि मधे हा तुकडा काळा, तिळाच्या दाण्यांसारख्या कणांचा. काळ्या रानात वाढलेल्या माणसाने समुद्राकाठी काळं रान बघावं! अप्पांनी चिमूट घेतली आणि पेरणीआधी ओल बघतात तशी बोटांत चोळली. कण सुटून गळून गेले. "रंग आपला," ते म्हणाले, "पण धरत नाही." पाण्याकडे बघून पुढे म्हणाले, "इथलं पीक तिकडे येतं, म्हणून माती अशी असली तरी चालतं."

दुपारी कारवारच्या मासळीबाजारात एक गोष्ट कानाला लागली. लहान मासळी इथे वजनाने नव्हे, ढीग लावून विकतात, आणि त्या ढिगालाही वाटाच म्हणतात. किनाऱ्यावर हक्काचा वाटा, बाजारात विकत घ्यायचा वाटा. इसवण, पापलेट, सुंगटं, काळी नदीच्या तिसऱ्या. समोर सुरी, मागे टोपल्या, आणि भावावरून चाललेली ती खणखणीत बोलणी. बाजारात बसणाऱ्या बहुतेक बायकाच. नवरे पहाटे दर्यावर, पैशाचा सगळा हिशेब यांच्या कमरेच्या पिशवीत. एकीने मला विचारलं, "हुबळीच्यो?" तिच्याकडची मासळी बर्फात घालून घाटावर जाते. आमच्या बाजारात मी जो राखाडी बांगडा पाहत आले, तो इथून निघालेला असतो.

आणि आमच्याकडून इकडे काय येत होतं? हे सांगताना मला स्वतःला अजून नवल वाटतं. १६३८ साली इंग्रजांनी कारवारात वखार घातली. १६६० च्या सुमाराला पश्चिम हिंदुस्थानातली उत्तमांतली उत्तम मलमल इथून जहाजावर चढत होती, आणि ती विणली जात होती घाटावर, हुबळी आणि आसपासच्या गावांत. ५०,००० विणकर त्या कामावर होते, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. बसरूरच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज फेब्रुवारी १६६५ मध्ये कारवारला आले, तेव्हा त्यांना दिलेल्या खंडणीत इंग्रजांनाही वर्गणी भरावी लागली होती. १६७३ मध्ये मराठ्यांनी हुबळीची पेठ लुटली. म्हणजे मालाची वाट आणि लढायांची वाट एकच होती. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा धारवाडचा कापूस याच बंदराकडे उतरवायचे बेत झाले. आम्ही ज्या दिशेने घाट उतरलो ती कापसाची दिशा. अप्पांच्या पणजोबांच्या पिढीतला कुणी गाडीवान बैल हाकत इथवर आलाही असेल. हुबळी ते अंकोला रेल्वे मात्र आजही झालेली नाही.

संध्याकाळी आम्ही पुन्हा कोडीबागेला गेलो. तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते. अप्पा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि दोघांची बोलणी मी ऐकत राहिले. १९७५ नंतर या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची पर्सिन जाळी आली. थवा किनाऱ्याला पोचायच्या आधीच खोल पाण्यात घेरला जाऊ लागला. रामपणी एकामागून एक मोडल्या. ओढायला शंभर माणसं जमवायची कशी, आणि जमली तरी वाटा किती येणार? नौदलाच्या तळासाठी दक्षिणेकडची गावं उठली, तिथल्या माणसांचे किनारे गेले. रात्री एलईडी दिवे लावून मासळी ओढायला २०१७ पासून बंदी आहे, तरी दिवे दिसतात, असं तांडेल म्हणाले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेवढाच काय तो दर्याला विसावा.

"आमचीही जमीन गेली," अप्पा म्हणाले. "पैसे मिळाले. पण खळं गेलं. रास पडली की दारात माणसं यायची, ती यायची थांबली."

तांडेल काही बोलले नाहीत. सुई जाळ्यातून काढली, गाठ मारली. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या पहाटे परत टाकणार आहोत. या."

मी पंच्यातला वाटा दुपारीच खोलीच्या मालकिणीला दिला होता. त्यांनी रात्री तिरफळ घालून बांगड्यांचं तिखलं केलं. अप्पांच्या पानात भात आणि सोलकढी, माझ्या पानात मासळी, आणि अप्पा आपलं जेवण थांबवून मी खाताना बघत होते. "कसं आहे?" त्यांनी विचारलं. रानातला पहिला हुरडा पोरांना देऊन विचारायचे, त्याच आवाजात.

दुसऱ्या पहाटेही ते दोर ओढायला गेले. थवा लहान निघाला. वाट्याला सहा तारली आली, ती त्यांनी शेजारच्या म्हातारीच्या टोपलीत ठेवली. तिने अप्पांच्या हातात एक नारळ दिला. तो नारळ रायापूरला आमच्या देवघरात आहे. पंचा मी दोनदा धुतला, वास गेला नाही. तिसऱ्यांदा अप्पांनी धुवायला दिला नाही.

घाटावरच्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे: रामपणी आता थोड्याच उरल्या आहेत, तेव्हा जायचं तर लवकर जा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत जा, आणि सहाच्या आत वाळूवर पोचा. तांडेलाला विचारा आणि दोर धरा. सोबत पंचा किंवा पिशवी असू द्या, वाटा मिळतो.